जुन्या कन्सोलसाठी स्वतः खेळ लिहायला शिकताना : रजिस्टर आणि पडदा यांना जोडणारा सांधा

धागा : काटकोन

मी गेली सहा वर्षे पायथन लिहीत आहे, परंतु यंत्राच्या इतक्या जवळ जाऊन प्रोग्रॅम लिहिण्याची वेळ कधी आली नव्हती. जुन्या कन्सोलसाठी, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठी, आजही हौशी मंडळी नवे खेळ लिहितात, ते खेळ कार्ट्रिजमध्ये भरून मूळ यंत्रावर चालवता येतात आणि या उद्योगाला होमब्रू म्हणतात, हे कळल्यापासून मलाही असा एक खेळ, मग तो कितीही लहान का असेना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः लिहायचा आहे.

महिनाभर वाचन केले. षोडशमान पद्धत समजली, ६५०२ प्रोसेसरच्या सूचना कशा असतात ते समजले, असेंब्ली भाषेतल्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा सीए६५ हा असेंबलर वापरून एनईएस या जुन्या निन्टेन्डो कन्सोलसाठी एक प्रोग्रॅम बांधला आणि एम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा, पडदा निळा झाला. पण तो निळा का झाला, हे मला सांगता येत नाही. नमुन्यातली एक संख्या मी बदलली होती, एवढेच मला ठाऊक आहे. एकीकडे रजिस्टर (यंत्राच्या भागांना आदेश देण्याच्या छोट्या जागा) आणि त्यांचे पत्ते, दुसरीकडे पडद्यावर पळणारे पात्र, आणि या दोहोंना जोडणारा सांधा मला अजून सापडलेला नाही.

कोणते कन्सोल निवडावे, असेंब्ली शिकावी की सी भाषा पुरेल, आणि पहिला खेळ किती लहान असावा, याविषयी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी लिहावे अशी विनंती.

प्रतिसाद १ : जुनीकळ

काटकोन, तुम्ही ज्याला सांधा म्हणता तो म्हणजे फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकदा वरपासून खालपर्यंत काढलेले पूर्ण चित्र. आधी फ्रेम समजून घ्या. रजिस्टर त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

पायथनमध्ये तुम्ही चित्र काढायला सांगता आणि ते निघते. ते केव्हा निघाले याची चिंता तुम्हाला करावी लागत नाही. १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम या नावाने आलेल्या आणि पुढे इतरत्र एनईएस म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रात संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृतीच नाही. प्रोसेसरच्या वाट्याला २ किलोबाइट रॅम आहे, आणि चित्र काढणाऱ्या पीपीयू या वेगळ्या चिपकडे पार्श्वभूमीच्या मांडणीसाठी आणखी २ किलोबाइट. २५६ गुणिले २४० बिंदूंचा पडदा एवढ्यात मावणे शक्य नाही. म्हणून पडद्याचे ८ गुणिले ८ बिंदूंच्या टाइलमध्ये तुकडे केलेले असतात. टाइलची चित्रे कार्ट्रिजमध्ये असतात आणि स्मृतीत फक्त ‘या घरात अमुक क्रमांकाची टाइल’ एवढीच नोंद असते. ३२ स्तंभ आणि ३० ओळी मिळून ९६० घरे होतात, त्यांना ९६० बाइट लागतात. त्यापुढचे ६४ बाइट कोणत्या भागाला कोणते पॅलेट (रंगांचा संच) वापरायचे ते सांगतात. असे १०२४ बाइट म्हणजे एक पूर्ण पडदा.

पीपीयू या नोंदी वाचत वाचत दूरदर्शन संचाच्या किरणाबरोबर डावीकडून उजवीकडे, वरून खाली असे चित्र त्याच क्षणी घडवत जाते, आणि हे सेकंदाला सुमारे ६० वेळा घडते. किरण तळाशी पोहोचला की पुन्हा वर जाईपर्यंत जी उसंत मिळते तिला व्ही-ब्लँक म्हणतात. चित्रण चालू असताना पीपीयूच्या स्मृतीला हात लावण्याची सुरक्षित वेळ तेवढीच. पडद्यावर जे काही हलताना दिसते ते सर्व या उसंतीत कोणीतरी बदललेले असते.

तुमचा पडदा निळा झाला त्याचे कारणही यातच आहे. बहुधा तुम्ही $२००१ या पत्त्यावर ($ ही षोडशमान संख्येची खूण) लिहिलेल्या संख्येतला निळ्या रंगावर भर देणारा बिट १ झाला असावा. तो पत्ता म्हणजे स्मृतीचे घर नसून पीपीयूला आदेश देण्याची खिडकी आहे. त्या बाइटचे आठही बिट एकेक करून बदला आणि प्रत्येकाने काय होते ते वहीत लिहून ठेवा. मी शिकत असताना अशी वही भरली होती आणि आजही ती माझ्या टेबलावर असते.

प्रतिसाद २ : ओंजळ

कन्सोलच्या निवडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या खेळासाठी मी १९८९ चा गेम बॉय सुचवेन. पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा, छटा चारच, त्यामुळे रंगांच्या वाटपाचा सगळा प्रश्न बाजूला राहतो. ३२ किलोबाइटपर्यंतच्या खेळाला बँक, म्हणजे कार्ट्रिजच्या स्मृतीचा भाग, बदलणारी कोणतीही जादा चिप लागत नाही. आरजीबीडीएस हा असेंबलर आणि जीबीडीके-२०२० हा सी भाषेचा संच, दोन्ही नीट सांभाळले जातात, आणि पॅन डॉक्स या नावाने ओळखला जाणारा तांत्रिक दस्तऐवज इतका नेटका आहे की त्यात शोधलेली गोष्ट सहसा सापडतेच.

एक सावधगिरी मात्र आरंभीच सांगते. गेम बॉयचा पडदा प्रोग्रॅममधून बंद करायचा असेल तर तो व्ही-ब्लँकमध्येच बंद करावा. अन्य वेळी बंद केल्यास खऱ्या यंत्राच्या पडद्याला इजा होऊ शकते, असे पॅन डॉक्समध्ये स्पष्ट बजावले आहे. एम्युलेटरवर काहीच बिघडत नाही, त्यामुळे ही चूक नवशिक्यांच्या लक्षात येत नाही.

प्रतिसाद ३ : निळीशाई

अटारी २६०० चे आकर्षण वाटले तरी पहिला खेळ तेथे लिहू नका, एवढेच सुचवतो. १२८ बाइट रॅम, चित्राची स्मृती अजिबात नाही, आणि प्रत्येक आडवी रेषा प्रोसेसरच्या ७६ चक्रांच्या (घड्याळाच्या ठोक्यांच्या) आत तुम्हीच घडवायची. ते यंत्र मला अतिशय प्रिय आहे, पण त्याचे सौंदर्य दुसऱ्या एखाद्या यंत्रावर हात बसल्यानंतरच कळते.

भाषेविषयी म्हणाल तर सीने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. मेगा ड्राइव्हसाठी एसजीडीके हा संच आहे, तेथे ७.६७ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर आणि ६४ किलोबाइट रॅम असल्यामुळे सी सुखाने चालते. गेम बॉय अॅडव्हान्सवर तर एआरएम प्रोसेसर आहे, तेथे असेंब्लीची गरज क्वचितच भासते.

प्रतिसाद ४ : जुनीकळ

निळीशाई, मेगा ड्राइव्हच्या बाबतीत सहमत आहे. मात्र एनईएसच्या ६५०२ वर सीचा हिशेब निराळा आहे. त्या प्रोसेसरचा स्टॅक (तात्पुरती माहिती रचून ठेवण्याची जागा) अवघा २५६ बाइटचा, गुणाकाराची सूचना नाही, आणि प्रोसेसरच्या आतली कामाची रजिस्टर तीन. सीसी६५ हा कंपायलर फंक्शनच्या आतले चल ठेवण्यासाठी रॅममध्ये स्वतःचा वेगळा स्टॅक बांधतो आणि त्या चलाला प्रत्येक वेळी हात लावताना त्याची किंमत चुकवतो. म्हणून एनईएससाठी सी लिहिताना चल जागतिक किंवा स्टॅटिक ठेवावेत, जेथे जमेल तेथे चिन्हरहित एका बाइटचा प्रकार वापरावा आणि फंक्शनला कमीत कमी गोष्टी पाठवाव्यात. असे सी लिहू लागलात की ते असेंब्लीच्या बरेच जवळ जाते.

काटकोन यांनी स्वतःच ‘पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत’ असे म्हटले आहे, आणि शिवाय त्यांनी सीए६५ बसवलेला आहे. त्यांनी एनईएसवर असेंब्लीतच पुढे जावे, असे मी मनापासून सांगेन. ६५०२ च्या सूचना छप्पन्नच आहेत. त्यांतल्या वीस-पंचवीस सूचनांवर पहिला खेळ पूर्ण होतो.

पहिला खेळ म्हणजे दोन फळ्या आणि एक चेंडू. १९७२ च्या पाँगपासून ही रचना टिकून आहे आणि तिच्यात खेळाची सर्व अंगे असतात : बटण वाचणे, वस्तू हलवणे, टक्कर ओळखणे, गुण दाखवणे, डाव संपवणे. नकाशे, शत्रू, कथा यांतले काहीही पहिल्या खेळात घेऊ नका.

प्रतिसाद ५ : काटकोन

सर्वांचे आभार. एनईएस आणि असेंब्ली हाच मार्ग धरला. $२००१ च्या आठ बिटांची वही भरली, आणि निळ्या पडद्याचे कारण जुनीकळ यांनी सांगितले तेच निघाले.

तीन आठवड्यांत फळ्या हलू लागल्या. $४०१६ वर आधी १ आणि मग ० लिहून तोच पत्ता आठ वेळा वाचला की ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या क्रमाने एकेक बटण मिळते, ही रचना मला फार आवडली. चेंडूही फिरू लागला. मात्र गुण दाखवण्यासाठी पार्श्वभूमीची टाइल बदलली की त्या एका फ्रेमपुरता सबंध पडदा उडी मारतो. आणि डाव संपल्यावर पूर्ण पडदा नव्याने भरू गेलो तर अर्ध्या टाइल भलत्याच ठिकाणी जातात. दोन्ही वेळा मी व्ही-ब्लँकमध्येच लिहीत आहे. मग चूक कोठे होते?

प्रतिसाद ६ : जुनीकळ

या दोन चुका वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पडद्याची उडी आधी घेऊ. टाइल लिहिताना तुम्ही $२००६ वर पत्त्याचे दोन बाइट देता आणि $२००७ वर टाइलचा क्रमांक. आपली अशी समजूत असते की लिहिण्याचा पत्ता निराळा आणि पडदा सरकवण्याचे मूल्य निराळे. प्रत्यक्षात पीपीयूच्या आत त्या दोहोंसाठी एकच नोंदस्थान वापरले जाते. तुम्ही पत्ता दिलात म्हणजे पडदा कोठून काढायला सुरुवात करायची तेही बदललेत. म्हणून व्ही-ब्लँकमधील सर्व लेखन उरकल्यानंतर, अगदी शेवटी, $२००० आणि दोन वेळा $२००५ लिहून पडद्याचे स्थान पूर्ववत करायचे असते. शिवाय $२००६ ला हात लावण्यापूर्वी एकदा $२००२ वाचा, म्हणजे पुढचा बाइट पहिला की दुसरा याबद्दल पीपीयूचा गोंधळ राहत नाही.

आता अर्धवट भरलेला पडदा. येथे हिशेब मांडावा लागेल. एनटीएससी यंत्रावर (ही अमेरिका-जपानमधली दूरदर्शन पद्धत) व्ही-ब्लँक २० रेषांचा असतो आणि एका रेषेला प्रोसेसरची सुमारे ११३.६७ चक्रे मिळतात, म्हणजे एकूण अंदाजे २२७३ चक्रे. स्प्राइटची, म्हणजे पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलणाऱ्या छोट्या चित्रांची, माहिती $४०१४ मार्फत एकगठ्ठा पाठवण्यात ५१३ किंवा ५१४ चक्रे जातात. उरली साधारण १७५०. तुमच्या लूपमध्ये एक बाइट वाचणे, लिहिणे, मोजणी वाढवणे आणि मागे उडी घेणे याला १३ चक्रे लागतात असे धरा. ३२ टाइलची एक ओळ ४१६ चक्रांत होते, ती सहज बसते. पण ९६० टाइलना १२,४८० चक्रे हवीत, म्हणजे उपलब्ध वेळेच्या सातपट. तुम्ही सुरुवात व्ही-ब्लँकमध्ये करता हे खरे, परंतु शेवट होईपर्यंत किरण पडद्याच्या मध्यावर येऊन पोहोचलेला असतो आणि तुमचे लेखन पीपीयूच्या स्वतःच्या वाचनात मिसळते.

पूर्ण पडदा बदलायचा असेल तर $२००१ मधून चित्रण बंद करावे, निवांतपणे सर्व १०२४ बाइट लिहावेत आणि पुढच्या व्ही-ब्लँकमध्ये चित्रण पुन्हा चालू करावे. क्षणभर पडदा रिकामा दिसतो. त्या काळच्या अनेक खेळांत दोन टप्प्यांच्या मध्ये पडदा काळा होतो, त्यामागे हेच कारण असते.

प्रतिसाद ७ : तिठा

वरच्या प्रतिसादाला एक व्यावहारिक जोड देतो. खेळाचे गणित आणि पीपीयूला द्यायची माहिती यांची कोठारे वेगळी ठेवा. मुख्य लूपमध्ये बटणे, हालचाल, टक्कर, गुण हे सर्व उरकायचे, आणि पडद्यावर जे बदलायचे असेल ते थेट न लिहिता रॅममधल्या एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ‘हा पत्ता, एवढे बाइट, हे बाइट’ अशा रूपात नोंदवायचे. व्ही-ब्लँकच्या आरंभी चालू काम थांबवून जो एनएमआय इंटरप्ट येतो, त्याने फक्त तो बफर रिकामा करायचा, स्प्राइट पाठवायचे आणि पडद्याचे स्थान बसवायचे.

यात एक खाच आहे. एखाद्या फ्रेममध्ये गणित लांबले तर एनएमआय मध्येच येतो आणि अर्धवट भरलेला बफर पाठवून मोकळा होतो. त्यासाठी एका बाइटची खूण ठेवा : मुख्य लूपने काम संपल्यावर ती १ करायची, आणि एनएमआयने ती १ असेल तरच बफर वाचायचा व ० करून ठेवायची. एनएमआयच्या आरंभी प्रोसेसरची तिन्ही रजिस्टर जपून ठेवायला विसरू नका.

मेसेन एम्युलेटरमध्ये एक इव्हेंट व्ह्यूअर आहे. फ्रेमच्या कोणत्या रेषेवर तुम्ही कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिलेत ते त्यात ठिपक्यांनी दिसते. तो उघडा; तुमचे लेखन व्ही-ब्लँकच्या बाहेर कोठे सांडते ते डोळ्यांनी पाहता येईल. मला हा विषय खऱ्या अर्थाने त्या चित्रामुळे उमगला.

प्रतिसाद ८ : काटकोन

इव्हेंट व्ह्यूअर पाहिला आणि पहिल्या प्रतिसादातली ‘उसंत’ म्हणजे काय ते दिसले. बफर आणि खूण, दोन्ही केले, उडी थांबली.

आता चेंडूच्या वेगाचा प्रश्न आहे. फ्रेमला एक बिंदू हा वेग संथ वाटतो आणि दोन बिंदू फार जलद. दीड बिंदू कसा हलवावा? दशांश अपूर्णांक येथे नाहीतच.

प्रतिसाद ९ : निळीशाई

स्थानासाठी दोन बाइट ठेवा. वरचा बाइट पूर्ण बिंदूंचा, खालचा बाइट एका बिंदूच्या २५६ भागांचा. दीड बिंदूचा वेग म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा १२८. प्रत्येक फ्रेमला आधी सीएलसी या सूचनेने कॅरी (हातचा) पुसा, खालचे बाइट एडीसी या बेरजेच्या सूचनेने मिळवा, आणि कॅरी न पुसता वरचे बाइट मिळवा. खालची बेरीज २५५ च्या पुढे गेली की हातचा एक आपसूक वर येतो. शाळेत हातचा घेऊन बेरीज करतो तीच ही रीत. पडद्यावर दाखवताना फक्त वरचा बाइट वापरायचा. वजाबाकीत मात्र आरंभी एसईसी (कॅरी १ करणारी सूचना) लागते, सीएलसी नव्हे. चेंडू डावीकडे जाताना थोडा वेगळ्या वेगाने जात असेल तर आधी तेच तपासा.

या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की चेंडू हळूहळू वेगवान करणे सोपे होते. प्रत्येक टोल्याला खालच्या बाइटमध्ये १६ मिळवले तरी हाताला फरक जाणवतो.

प्रतिसाद १० : काटकोन

खेळ पूर्ण झाला. एम्युलेटरवर तासभर खेळून पाहिला, दोष दिसला नाही. मग फ्लॅश कार्ट्रिजमध्ये (पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये) रॉम फाइल, म्हणजे बांधलेला खेळ, घालून एका मित्राच्या मूळ यंत्रावर लावली. पहिल्यांदा गुणफलक ० ऐवजी भलत्याच चिन्हाने सुरू झाला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तर चेंडूच दिसेना. तिसऱ्यांदा सर्व नीट. तेच यंत्र, तीच फाइल, आणि दर वेळी वेगळे वागणे. मी पुरता गोंधळलो आहे.

प्रतिसाद ११ : जुनीकळ

दर वेळी वेगळे वागणे हीच येथे सर्वांत उपयोगी माहिती आहे. खऱ्या यंत्राच्या रॅममध्ये वीज आल्यावर काय असेल याची कोणतीही शाश्वती नसते. तुम्ही कोठेतरी असे गृहीत धरले आहे की गुणांच्या बाइटमध्ये आणि चेंडूच्या वेगात आरंभी शून्य असेल. पुष्कळ एम्युलेटर रॅम ठरावीक मूल्याने भरून देतात, म्हणून तेथे ही चूक झाकली जाते.

प्रोग्रॅमच्या आरंभीचा क्रम असा ठेवा : इंटरप्ट आणि चित्रण बंद करा, एक व्ही-ब्लँक थांबा, सर्व २ किलोबाइट रॅम शून्य करा, मग दुसऱ्या व्ही-ब्लँकपर्यंत थांबा, कारण चालू झाल्यानंतर पीपीयूला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. स्प्राइटच्या २५६ बाइटच्या पानात मात्र शून्य न भरता २५५ भरा. शून्य भरल्यास न वापरलेले स्प्राइट पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. २५५ भरल्यास ते पडद्याच्या खाली, नजरेआड राहतात.

मेसेनमध्ये आरंभीची रॅम यादृच्छिक मूल्यांनी भरण्याची सोय आहे, आणि कधीही न लिहिलेला बाइट वाचला गेल्यास प्रोग्रॅम तेथेच थांबवण्याचीही. या दोन्ही सोयी पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला मी तुम्हाला सांगायला हवे होते. ते राहून गेले, याचे वाईट वाटते.

प्रतिसाद १२ : ओंजळ

पुढे आवाज घालणार असाल तर आणखी एक गोष्ट खऱ्या यंत्रापुरती लक्षात ठेवा. एनईएसमध्ये दोन पल्स, एक ट्रायँगल, एक नॉइज आणि ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारा डीएमसी असे पाच मार्ग आहेत. एनटीएससी यंत्रावर डीएमसी चालू असताना तो कंट्रोलरच्या वाचनात अडथळा आणतो. एखादा बिट गळतो आणि न दाबलेले बटण दाबल्यासारखे वाटते. म्हणून कंट्रोलर सलग दोनदा वाचून दोन्ही वाचने जुळेपर्यंत पुन्हा वाचतात. पहिल्या खेळात डीएमसीला हात न लावता उरलेल्या चार मार्गांवर भागवणे अधिक बरे. चेंडूच्या टोल्याला एक पल्स मार्ग पुरतो.

प्रतिसाद १३ : काटकोन

जुनीकळ, वाईट वाटून घेऊ नका. ही चूक स्वतः पाहिल्यामुळेच ती आता माझ्याकडून पुन्हा होणार नाही. न लिहिलेला बाइट वाचल्यावर थांबण्याची सोय चालू करताच मेसेन दोन ठिकाणी थांबला : एक गुणांचा बाइट आणि दुसरा चेंडूच्या वेगाचा खालचा बाइट. तुम्ही सांगितलेला आरंभक्रम घातला आणि काल मूळ यंत्र वीस वेळा बंद-चालू करून पाहिले. वीसही वेळा खेळ सारखाच सुरू झाला. टोल्याचा आवाज पल्स मार्गावर घातला आहे.

एकच गोष्ट राहिली होती. गुण मी सर्वांत वरच्या ओळीत ठेवले होते आणि त्या दूरदर्शन संचावर ती ओळ कडेखाली झाकली जात होती. ती दोन ओळी खाली घेतली, म्हणजे $२००६ ला देण्याच्या पत्त्यात ६४ मिळवले. आता दोन्ही खेळाडूंचे गुण पूर्ण दिसतात.